माझी तांबडी शाई

निबंध लिहायला शिकवणं हा पोट भरण्याचा उद्योग असू शकतो, हे आमच्या बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"म्हणजे नेमकं काय शिकवतोस तू त्यांना?"

"लिहायला."

"मॅट्रिकला बसणारी पोरं ना ती? मिसरूड फुटलेली?"

"हो."

"आणि अजून लिहायला येत नाही?"

बाबा शिंपी. देवासच्या दोन्ही पात्यांच्या शिपायांचे डगले आमच्या ओट्यावर शिवले जात. ज्यांना देवास ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचं गाव एक पण राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि बाबांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन तऱ्हेची बटणं. एकदा थोरलीचं बटण धाकटीच्या डगल्याला लागून गेलं, तर बाबांना दोन्ही कचेऱ्यांत जाऊन हात जोडावे लागले होते. अशा घरातून मी कॉलेजात गेलो आणि बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी इंग्रजी शाळेची पायरीसुद्धा चढलं नव्हतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण त्या वेळी एक गोष्ट लपवत असे. इंदूरच्या कॉलेजात कोणी विचारलं, "वडील काय करतात?" तर मी सांगे, "दरबारच्या कामात असतात." अगदीच खोटं नव्हतं. डगले दरबारचेच होते.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्याचं मूळ त्यात आहे.

या अंकाच्या संपादकांनी चौतीस वर्षांच्या मास्तरकीतले अनुभव मागितले. माझ्या हाताखालून गेलेले वकील, डॉक्टर, मामलेदार मोजून दाखवावेत अशी त्यांची अपेक्षा असावी. ती नावं त्या मंडळींनीच आपापल्या दारावर लावलेली आहेत. मी सांगणार आहे ते पगारी मास्तर होण्याच्या आधीचं, स्वतः विद्यार्थी असताना केलेल्या शिकवणीचं.

विसावं शतक नुकतंच लागलं होतं. मॅट्रिकची परीक्षा म्हणजे पोरांचा काळ, आणि त्यात इंग्रजीचा पेपर, त्यातही निबंध. परीक्षक बसायचे दूर अलाहाबादेत. पोरं काय करीत? चार निबंध पाठ करून जात. गाय, घोडा, वक्तशीरपणा आणि आगगाडीचे फायदे. विषय कोणताही येवो, दोन ओळींत तो ओढत गायीपाशी आणायचा आणि तिच्या शेपटीला धरून पैलतीर गाठायचा. एका पठ्ठ्यानं 'ज्ञानाचे महत्त्व' गायीवर आणलेलं मी या डोळ्यांनी वाचलं आहे. ज्ञानाला शरीर धडधाकट लागतं, शरीराला दूध लागतं, आणि दूध गाय देते. पुढं तीन पानं गाय.

ही खोड मोडायची म्हणून मी एक रीत काढली होती. आधी मराठीत लिहा. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा. मग ते आपण इंग्रजीत उतरवू. रीत चांगली होती. आजही चांगली आहे. कॉलेजच्या सुट्टीत देवासला घरी आलो की ओट्यावर एकीकडे बाबांची कात्री आणि दुसरीकडे माझी शिकवणी चाले.

तिथला एक नग सांगतो. विषय दिला होता 'माझे गाव'. त्या मुलानं रस्ता, विहीर, हलवायाचं दुकान, टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्या, सगळं छान लिहिलं, पण सगळं रस्त्याच्या एकाच बाजूचं.

"अरे, पलीकडची बाजू कुठं गेली?"

"ती धाकट्या पातीत येते, मास्तर. आपल्या राज्यात नाही."

"पण दिसते ना?"

"दिसते. पण लिहिली तर काका रागावतील. ते थोरल्या कचेरीत आहेत."

मी पोट धरून हसलो. बाबाही सुई थांबवून हसले. समोर दिसणारं अर्धं गाव एखादा कसा काय सोडून देतो, हे मला तेव्हा मोठं नवल वाटलं होतं.

पुढच्या वर्षी इंदुरात प्लेग आला आणि कॉलेज बंद पडलं. धारचे एक वकील, काकासाहेब, माझ्या ओळखीचे झाले होते. त्यांचा मुलगा वासू त्या साली मॅट्रिकला बसणार होता. ते म्हणाले, "घरी बसून काय करणार? चला आमच्याकडे. राहा, जेवा, आणि आमच्या चिरंजीवाला गायीपासून सोडवा." टांग्यातून मी धारला आलो. काकासाहेबांच्या ओसरीवर शिकवणी सुरू झाली. वासू, त्याचे दोन मित्र, दोघंही चांगल्या नोकरदार घरांतले, आणि चौथा गणपत.

गणपतला हेडमास्तरांनी पाठवलं होतं. "मुलगा हुशार आहे, पण इंग्रजी घरी कानावर पडत नाही. बघा काही करता आलं तर," असं म्हणाले. त्याचे वडील राणोजी दरबारच्या फरासखान्यात होते. फरासखाना म्हणजे दरबारचे तंबू, कनाती, सतरंज्या सांभाळणारं खातं. स्वारी कुठं निघाली की यांनी आदल्या दिवशी जाऊन तंबू उभे करायचे, आणि स्वारी परतली की सगळ्यांच्या मागून यायचं. गणपत लहानपणापासून बापाबरोबर जाई. तळहाताला दोर ओढून घट्टे पडलेले. टाक असा धरायचा की जणू मेख ठोकायची मोगरीच धरली आहे. ओसरीवर जागा पुष्कळ असताना तो पायरीजवळ बसायचा. मी दोनदा म्हटलं, "वर ये." तो म्हणाला, "इथं उजेड बरा आहे मास्तर." तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

अशात दरबारानं एक शिष्यवृत्ती जाहीर केली. त्या साली मॅट्रिक होणाऱ्या एका मुलाची इंदूरच्या कॉलेजात राहण्याजेवण्याची आणि फीची सगळी सोय. अट एक. 'आमच्या राज्यातील मी पाहिलेली एक जागा' या विषयावर घरी निबंध लिहायचा, इंग्रजीत, आणि दिवाणसाहेबांसमोर वाचून दाखवायचा. ते प्रश्न विचारणार आणि निवड करणार. शाळेतून पाच मुलं उभी राहिली. त्यातली चार माझी.

वासूला आणि त्याच्या दोन मित्रांना ती मिळाली असती तर मान मिळाला असता. कॉलेजात तर ते नाहीतरी जाणारच होते. गणपतचं तसं नव्हतं. मिळाली तर कॉलेज, नाही तर फरासखाना. तिथली जागा बापाच्या शेजारी त्याची वाट बघत होती.

चौघांनीही मांडू निवडलं. धारच्या पोरांना दुसरं काय सुचणार? माझ्या रीतीप्रमाणं आधी मराठीत लिहून आणायला सांगितलं. तिघांनी जहाजमहाल, हिंडोळामहाल, राणी, नर्मदेचं दर्शन असं जे असतं ते आणलं. गणपतनं एकच पान आणलं. त्यात महाल नव्हता. आदल्या हिवाळ्यात कोणी बडे साहेब मांडूला आले होते, दिवाणसाहेब त्यांच्याबरोबर होते, आणि दुपारी अचानक मावठा आला. त्या पावसात तंबू पडू नये म्हणून राणोजी फरासानं काय काय केलं, एवढंच त्या पानावर होतं.

मी ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मला ते आवडलं. हे मी आज शहाणपण सुचल्यावर म्हणत नाही. तेव्हाच, पहिल्या वाचनात आवडलं होतं. पण लगेच मी बिचकलो. वाटलं, हे कचेरीत मोठ्यानं वाचायचं? फरासाच्या पोरानं, 'माझा बाप फरास आहे' असं?

तांबड्या शाईची दौत उघडून मी रेघा मारायला लागलो.

गणपत बघत होता. "मास्तर, खोटं नाही त्यात काही."

"खोटं आहे असं कुठं म्हटलं मी? पण हे दिवाणसाहेबांसमोर वाचायचं आहे. तिथं तंबू ठोकणारा बाप कशाला?"

"तंबू दिवाणसाहेबांचाच होता की."

"म्हणून तर!"

"पण तुम्हीच बोलला होता, पाहिलेलं लिहा."

"पाहिलेल्यातलं लिहिण्यासारखं लिहायचं असतं. महाल दिसले नाहीत का तुला?"

"लांबून दिसले. आम्हाला तळ सोडून जाता येत नाही."

"मग लांबून पाहिलेले लिही."

त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "तुम्ही बोलता तसं." माझ्यावर त्याचा विश्वास होता. ओसरीवरच्या त्या घोळक्यात कामकऱ्याच्या घरातून आलेले आम्ही दोघंच होतो. त्याला माझ्या बाबांची सुई ठाऊक नव्हती, पण मला तर ठाऊक होती. मी त्याच्या पानावरून माझ्याच घराला लाज आणणारी गोष्ट खोडत होतो, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

आता त्या वाक्याबद्दल. प्रत्येक निबंधाला शेवटी एक दागिना हवा, असं माझं मत होतं. मांडूसाठी मी स्वतः एक वाक्य घडवलं होतं. इंग्रजीत ते फारच ऐटबाज होतं. मराठीत साधारण असं होईल: 'काळाच्या क्रूर हातांनी ज्यांचे वैभव हिरावून नेले, ते हे मूक पाषाण आजही आपल्याशी बोलतात.' मला ते इतकं आवडलं होतं की ते मी चौघांनाही दिलं.

आज हे ऐकून कोणीही कपाळाला हात लावील. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॉलेजात आम्ही सगळेच एका टिपणातली तीच वाक्यं लिहीत होतो आणि प्रोफेसर सगळ्यांनाच मार्क देत होते. आपण लिहितो ते कोणीतरी सलग, कान देऊन ऐकेल, अशी कल्पनाच मला शिवली नव्हती.

मध्ये दोन दिवस देवासला जाऊन आलो, तेव्हा बाबांना मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"चौघांना एकच?"

"वाक्य चांगलं आहे बाबा."

"असेल. वर्दीचं तसंच असतं, सगळ्यांना एक. पण लग्नाचे अंगरखे मी एका मापानं बेतले, तर गिऱ्हाइकं मला ओट्यावरून खाली ओढतील."

मी मनात म्हटलं, यांना काय कळतं निबंधातलं.

वाचनाच्या दिवशी मीही कचेरीत गेलो. त्याला माझं एक कारण होतं. शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा व्हायची होती आणि काकासाहेबांनी माझ्यासाठी दिवाणसाहेबांकडे शब्द टाकला होता. "पोरांबरोबर या," ते म्हणाले, "तोंडओळख होईल." एकेकाला आत बोलावतील असं मी धरून चाललो होतो. पाचही मुलांना एकदमच आत घेऊन ओळीनं उभं केलं. मी दाराशी, टोपी नीट करून.

दिवाणसाहेब वयस्क, पातळ आवाजाचे, डोळे मिटून ऐकायची सवय. पहिला वासू. त्यानं झकास वाचलं. शेवटी माझं वाक्य आलं तेव्हा दिवाणसाहेबांनी डोळे उघडून मान हलवली. माझी छाती फुगली. दुसऱ्यानं वाचलं. वाक्य आलं. दिवाणसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्याच्या वेळी वाक्य अर्ध्यावर आलं आणि कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला.

"मूक आहेत तर इतके बोलतात कसे हे पाषाण?" दिवाणसाहेब म्हणाले.

चौथा गणपत. त्यानं वाचायला सुरुवात केली. महाल, कमानी, तलाव, सगळं लांबून पाहिलेलं. वाक्यापाशी येऊन तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग त्यानं ते वाक्य वाचलं, स्पष्ट, एकही शब्द न गाळता, जसं मी शिकवलं होतं तसं.

या वेळी कोणी हसलं नाही.

"तू आमच्या राणोजी फरासाचा मुलगा ना?" दिवाणसाहेबांनी विचारलं.

"जी सरकार."

"मांडूला गेला होतास?"

"जी."

"काय पाहिलंस?"

मी पोरांना बजावून ठेवलं होतं की उत्तर निबंधाच्या बाहेर जाऊ देऊ नका. गणपतनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "वैभव, सरकार."

दिवाणसाहेबांच्या चेहऱ्यावर कसलासा थकवा आला. "त्या मावठ्यात आम्ही तंबूत बसलो होतो. तुझा बाप दुपारपासून अंधार पडेपर्यंत बाहेर भिजत होता. ते पाहिलं नाहीस?"

"पाहिलं, सरकार."

"मग ते का नाही लिहिलंस?"

गणपतनं हातातला कागद दुमडला. तो माझ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता, हे मला तिथूनही कळलं. दिवाणसाहेबांची नजर मात्र दाराकडे आली.

"मास्तर, तुम्ही पाहिले होते ना हे निबंध?"

मी म्हणालो, "व्याकरणापुरते, सरकार."

चौतीस वर्षं मी हजारो वाक्यं पोरांकडून लिहून घेतली. माझ्या स्वतःच्या तोंडून निघालेलं सगळ्यात लक्षात राहिलेलं वाक्य हे. एक शब्द आणि एक सरकार.

पाचव्या मुलानं वाचलं. तो माझा नव्हता. त्याच्या मामाचा धारच्या बाजारात तेलाचा घाणा होता, त्याच्यावर त्यानं लिहिलं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण घाण्याचा बैल डोळ्यांवर पट्टी बांधल्याशिवाय चालत नाही आणि पट्टी सोडली की थोडा वेळ तसाच गोल फिरतो, असं काहीतरी त्यात होतं. दिवाणसाहेब डोळे उघडे ठेवून ऐकत होते. "यानं पाहिलंय," ते म्हणाले. शिष्यवृत्ती त्याला मिळाली. माझ्या चौघांच्या नावांपुढं 'परस्परांचे पाहून लिहिले' असा शेरा पडला.

बाहेर आल्यावर वासू गणपतवर उखडला. "अरे भिया, 'वैभव' कशाला बोललास? तंबूचं सांगून टाकायचं ना सरळ!"

"मास्तरांनी काढलं होतं ते," गणपत म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. जसं एखादा म्हणेल, त्या रस्त्यानं गाडी जात नाही.

संध्याकाळी काकासाहेबांना वासूनं सगळं सांगितलं असावं. जेवताना ते म्हणाले, "दिवाणसाहेबांनी तुमच्याबद्दल विचारलं. बी.ए. झालात की अर्ज करा म्हणाले." मग भाताचा घास कालवत, माझ्याकडे न बघता, "चला, एकाचं तरी काम झालं." काकासाहेब वाईट माणूस नव्हते. पण मला अजून वाटतं, त्यांनी त्या वेळी मला ताटावरून उठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी राणोजी आला. पन्नाशीचा, वाळलेला माणूस, मुंडासं हातात. ओसरीच्या खाली उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"मास्तरजी, पोरगं बोलतं का गलती त्याचीच झाली. तुमची काही नाही."

मी पुन्हा त्याला बसायला सांगितलं.

"काय गलती झाली तेवढं सांगा. मला काही कळायचं नाही, पण घरी त्याच्या मागं लागून सुधरून घेतो. पुढच्या साली पुन्हा ठेवतील ना दरबार?"

त्या वेळी खरं सांगायला काही लागत नव्हतं. कचेरी दूर होती, कारकून नव्हता, दिवाणसाहेब नव्हते. समोर एक भला माणूस होता आणि त्याचा मुलगा त्याच्यावर किती सुंदर लिहून गेला आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते पान माझ्या पिशवीत होतं. काढून वाचून दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "जरा घाई केली त्यानं."

"घाई तर त्याची सवयच नाही," राणोजी म्हणाला, आणि नमस्कार करून गेला.

पुढच्या साली दरबारानं शिष्यवृत्ती ठेवली नाही. गणपत मॅट्रिक पास झाला, इंग्रजीत चांगले मार्क मिळवून, आणि फरासखान्यात लागला. मी बी.ए. झालो आणि शाळेत लागलो. धारमध्ये काही वर्षं एक गंमत सांगत असत की दरबारचा एक फरास साहेबांशी इंग्रजीत बोलतो आणि साहेब आधी तंबूकडे बघतो की बोललं कोण. लोक हसायचे. मीही त्या हसण्यात उभा राहिलेलो आहे.

मास्तर म्हणून मी चांगला होतो. हे दुसऱ्यांनी म्हणायची वाट मी बघत नाही. माझ्या वर्गातून गाय हद्दपार झाली. आणि याचं कारण गणपतचं ते पान. निबंधाच्या पहिल्या तासाला मी तेच वाचून दाखवत असे. एका स्वच्छ कागदावर मी ते उतरवून घेतलं होतं, लिहिणाराचं नाव गाळून. "असं लिहा," मी म्हणे. "हे कोणी लिहिलं मास्तर?" पोरं विचारत. "होता एक विद्यार्थी." दरवर्षी तेच पान, तोच तास. पोरांचे चेहरे बदलत, ऐकतानाची शांतता मात्र तीच असे. त्या पानानं मला नाव मिळवून दिलं.

वीसेक वर्षांनी एकदा ते वाचत होतो. मधल्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून उभा राहिला. नवीन होता, नाव अजून पाठ झालं नव्हतं.

"मास्तर, हे आमचे आजोबा आहेत."

वर्ग हसला. मी म्हटलं, "कशावरून?"

"आजोबा दोराला असाच हात लावायचे. आमच्या म्हशीच्या दाव्याला पण."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गणपत आला. आता फरासखान्याचा जमादार झाला होता. अंगानं भरलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, डोक्यावर दरबारी मुंडासं. आम्ही एका गावात राहत होतो, रस्त्यात भेटलो की रामराम व्हायचा, पण समोरासमोर उभे राहून बोललो नव्हतो.

"मास्तर, पोरगं बोललं, तुम्ही माझं लिहिलेलं वर्गात वाचता."

"हो."

"चांगलं म्हणून का वाईट म्हणून?"

"चांगलं म्हणून. त्याच्याइतकं चांगलं माझ्याकडे दुसरं नाही."

तो फळ्यावर मी लिहिलेलं काहीतरी वाचत होता. मग त्यानं विचारलं, "तांबड्या रेघा पण दाखवता का पोरांना?"

"नाही. स्वच्छ उतरवून घेतलंय."

"हां," तो म्हणाला. जरासा हसला. त्यात कडवटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. "बाबा गेला त्याला चार साल झाले. त्याला एकदा वाचून दाखवलं असतं. पण पान तुमच्याकडे राहिलं होतं, आणि मागायला मला..." मुंडासं सारखं करून तो म्हणाला, "चलतो मास्तर. नालछाला डेरे रवाना करायचेत."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की थांब. पान त्याला द्यायला हवं होतं. माफी हा शब्द मी कितीतरी पोरांना इंग्रजीत लिहायला शिकवला होता, अर्जात कुठं घालायचा, पत्रात कुठं घालायचा. तो तोंडात आला नाही. गणपत पायऱ्या उतरून गेला. आणि लाज वाटते, पण लिहितो: त्यानंतरही निवृत्त होईपर्यंत मी तो स्वच्छ कागदच वाचत राहिलो.

आता मी देवासला असतो, बाबांच्या त्याच ओट्यावर सकाळी बसतो. गणपत धारला आहे. वाचनाची आवड अजून आहे असं त्याच्या मुलाकडून कळतं. मुलगा वकिलीत आहे, मॅट्रिकला त्यानं म्हशीवर निबंध लिहिला होता, फार चांगला. हा अंक आणि ते मूळ पान मी गणपतकडे पाठवणार आहे. पान पिवळं पडलं आहे, पण तांबडी शाई मुळीच फिकी झालेली नाही. चांगली शाई वापरत असे मी.

संपादकांना विनंती केली आहे की पुढचा मजकूर जसाच्या तसा छापावा. लिहिणाराचं नाव गणपत राणोजी जाधव, इयत्ता मॅट्रिक, धार.

'मांडू ही जागा धारपासून जवळ आहे आणि फार मोठी आहे. मी तिथं तंबूबरोबर जातो. मावठा आला की सगळे तंबूत पळतात. माझा बाप तंबूबाहेर पळतो. दोर भिजला की आखडतो. आखडला की मेख उपसून येते, नाहीतर कापड फाटतं. म्हणून पाऊस चालू असेपर्यंत प्रत्येक दोर थोडा थोडा ढिला करत फिरावं लागतं, आणि फिरून आलं की पहिला दोर पुन्हा आखडलेला असतो. बाबा प्रत्येक दोराला हात लावून बघतो, तापलेल्या पोराच्या अंगाला आई लावते तसा. मी मोगरी घेऊन त्याच्या मागं होतो. आत साहेब लोक हसत होते. पाऊस आहे हे त्यांना फक्त ऐकू येत होतं. सकाळी ते बाहेर येऊन म्हणाले, तंबू चांगला आहे. बाबाला ताप होता, पण त्यानं ऐकलं.'

पहिलं वाक्य तेवढं मी ठेवलं होतं. बाकी सगळ्यावर रेघ आहे, आणि समासात माझ्या अक्षरात एकच शब्द: अनावश्यक.